नरोत्तमआबांचे चार डबे

नरोत्तमआबांच्या घरी चहात साखर किती पडायची, हे क्युबात ठरत असे.

यावरून कुणाला वाटेल की आबा कुणी बडे व्यापारी असतील, त्यांची जहाजंबिहाजं चालत असतील. तसं काही नाही. सारंगखेड्याला तापीच्या काठी त्यांची थोडीशी जमीन. कापूस, भुईमूग आणि विहिरीजवळ ऊस. गुऱ्हाळ लागलं की आमच्या सगळ्या गल्लीला काकवीचा वास सुटायचा. पण तिकडे क्युबात गडबड झाल्याचं वर्तमानपत्रात आलं, की इकडे आबा आपल्या विधवा बहिणीला, जिजीला, हुकूम सोडायचे, "जिजी, आजपाईन चहा फिका. जग हालनं." आणि ओट्यावर बसून, स्वतःच्या उसाची गाडी समोरून जाताना बघत, फिका चहा प्यायचे.

झांजीबारला बंड झालं, तेव्हा त्यांच्या घरच्या मसाल्यातली लवंग बंद झाली. यावर जिजी मात्र खवळली. "तठला लोके भांडतस, तेन्हामा मन्ही आमटीनं काय चुकनं?" असं तिनं माझ्या बायकोला विचारलं. तिचा प्रश्न बिनतोड होता. दोन महिने जिजी आमच्या घरी येऊन लवंगा मागून नेत होती आणि आबा फुरक्या मारत म्हणत होते, "देखं? लवंगबिगरबी चालस."

मी या गावात शाळामास्तर म्हणून आलो चोपन्न साली. मूळचा शहाद्याचा, म्हणजे परमुलखातला नव्हे. खोली मिळाली ती आबांच्या ओट्यासमोर. सामान उतरवत होतो तेवढ्यात एक उंच, वाळका, पांढऱ्या टोपीचा गृहस्थ रस्ता ओलांडून आला. माझं नाव, गाव, पगार, लग्न यांतलं काही न विचारता त्यानं विचारलं, "मास्तर, तुम्हना शाळामा जगना नकाशा शे का?"

म्हटलं, आहे.

"मंग देखाले द्या. दोन दिवसमा देस."

नकाशा परत आला सात महिन्यांनी. तोपर्यंत आमच्या चौथीच्या मुलांनी जग न बघताच परीक्षा दिली आणि बहुतेक सगळी पास झाली, त्यामुळे त्या नकाशाच्या गरजेबद्दल माझ्याही मनात शंका आली. पण उलगडून बघतो तर आशियाच्या खाली, समुद्रात, एके ठिकाणी कागद घासून घासून पांढरा पडलेला आणि मधोमध भोक. ताडून पाहिलं, तर जावा बेट गायब.

"आबा, हाई काय कयं?"

"बोट लागी गयं."

"सात महिना एकच जागावर?"

आबांनी टोपी सारखी केली आणि ते निघून गेले. तपासणीला साहेब आले तेव्हा जावा उंदरानं खाल्ल्याचं मी त्यांना सांगितलं. अशा किरकोळ थापा मारायला मी पहिल्यापासून कचरत नाही.

आबांचा सिद्धांत थोडक्यात असा, की जगात कुठंही काहीही झालं तरी त्याचा धक्का शेवटी सारंगखेड्यालाच बसतो. लंडन, दिल्ली, मुंबई ही मधली स्टेशनं. तिथं गाडी थोडा वेळ थांबते इतकंच. त्यामुळे दुपारच्या यष्टीनं कालचं वर्तमानपत्र आलं की ते आधी आबांच्या हाती पडायचं, मग गावाच्या. ते आपला बंदोबस्त करायचे आणि मगच बातमी सोडायचे. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे लोक गाणी ऐकायला जमत, आबा बातम्यांना येत आणि गाणी लागली की उठून जात.

छप्पन साली सुवेझचा कालवा बंद झाला तेव्हा आबांचा खरा बहर होता. आता जगातलं पेट्रोल संपणार, मोटारी जागच्या जागी उभ्या राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. आमच्या गावची घोड्यांची यात्रा त्याच सुमारास भरते. लांबलांबचे व्यापारी घोडे घेऊन येतात. आबा यात्रेत गेले आणि एक पांढरी घोडी घेऊन आले. घोड्यावर ते आयुष्यात बसले नव्हते. "पुढला महिनामा देखजात," ते म्हणाले, "धुळाना साहेब मन्ही घोडी मांगाले येई."

साहेब आला नाही. कालवा दोन-चार महिन्यांनी उघडला, मोटारी चालूच राहिल्या, आणि घोडी मात्र आबांच्या दाराशी राहिली. तिचं नाव त्यांनी सुवेझ ठेवलं. तिला गाडी ओढवत नसे, पाठीवर माणूस खपत नसे. विहिरीपर्यंत जायची आणि रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहायची. मग दोन्हीकडच्या बैलगाड्या खोळंबत. शाळेला उशीर झालेली मुलं मला खुशाल सांगत, "गुरुजी, सुवेझ अडकली होती."

पण त्या हिवाळ्यात एक गोष्ट खरी झाली. घासलेट मिळेनासं झालं. गावात वीज नव्हती. कंदील, चिमण्या, सगळा कारभार घासलेटावर. आमच्या गल्लीत दुकान एकच, छगनशेठचं, आणि ते बरोबर आबांच्या ओट्यासमोर, माझ्या खोलीच्या शेजारी. छगनशेठ माणूस गोड बोलणारा. संकट आलं की त्याचा माल पहिल्यांदा मागच्या खोलीत जायचा आणि मग दुप्पट भावानं पुढच्या दारात यायचा.

आणि आबांकडे होते चार डबे.

हे डबे गावाला ठाऊक होते, कारण आबा दर आखाजीला ते बाहेर काढत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे केवढा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी सकाळी आबा मागच्या खोलीतून घासलेटचे चार चौकोनी डबे एकेक करून आणत, ओट्यावर ओळीनं मांडत, फडक्यानं पुसत आणि शेजारी नरसाळं अन् माप ठेवून बसत. येणारा-जाणारा नमस्कार घालायचा तो आबांना की डब्यांना, हे सांगणं कठीण होतं. डब्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर घासलेट सुटं मिळू लागलं तेव्हा त्यांनी ते भरून ठेवले होते. कशासाठी, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "खरं संकट येई तव्हय देखसूत." आणि वर एवढंच, "डबा शेतस ना."

हे त्यांचं पालुपदच होतं. पाऊस लांबला, डबा शेतस ना. कापसाचा भाव पडला, डबा शेतस ना. गल्लीतल्या एका पोरीचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी तिच्या बापाचं याच वाक्यानं सांत्वन केलं होतं, आणि नवल म्हणजे बापाला बरं वाटलं होतं.

तर त्या सुवेझच्या हिवाळ्यात, गल्ली उठायच्या आत, आबा माझ्या मागच्या दाराशी आले. उपरण्याखाली घासलेटची बाटली. "मास्तर, तुम्हले वह्या तपासनं पडस. हाई ल्या. कोणले सांगजात नका." मी भारावून गेलो. सबंध गल्लीत आबांनी मलाच निवडलं, शिक्षणाची कदर असलेला हा एकच माणूस, असं मी बायकोला दहादा ऐकवलं. आणखी दोनदा त्यांनी बाटली आणून दिली. मी कुणाला बोललो नाही.

अठ्ठावन्न साली विकास खात्याचे एक साहेब गावात भाषणाला आले. परदेशातून यंत्रसामग्री आणावी लागते, त्यामुळे परकीय चलनाची गंगाजळी आटली आहे, तेव्हा सर्वांनी काटकसर करावी, असं त्यांनी समजावून सांगितलं. आबा पहिल्या रांगेत. ते उठून उभे राहिले.

"साहेब, ती गंगाजळी तुम्ही देखेल शे का?"

साहेब म्हणाले, "ती दिल्लीला असते."

"हा, पन देखेल शे का?"

साहेबांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. "कोन्ही देखेल शे का?" साहेबांना तसा कुणी आठवेना. आबा समाधानानं खाली बसले. सभा उधळायला आले होते असं साहेबांना वाटलं असावं, कारण ते चहा न घेताच गेले. मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. आता कळतं, त्या सभेत गंगाजळी म्हणजे काय हे पुरतं उमगलेला माणूस तो एकटाच होता.

बासष्टला चीनचं युद्ध पेटलं आणि छगनशेठच्या दारावर पाटी लागली, 'घासलेट नाही'. गल्ली घाबरली. आबांनी काय करावं? आखाजी नसताना चारही डबे ओट्यावर आणून मांडले, नरसाळं आणि माप मांडीवर घेतलं आणि छगनशेठच्या दुकानाकडे तोंड करून बसले. बोलले काहीच नाहीत. लोक जमले. बायका हसून एकमेकींना सांगू लागल्या, आबांचे डबे निघाले, आता कशाची काळजी. कुणीही छगनशेठच्या पायरीवर चढेना. जुन्या भावानं आबांनी वाटायला सुरुवात केली तर मागच्या खोलीतला माल अंगावर पडणार, एवढं छगनशेठला समजत होतं. दुपारी त्याला कोपऱ्यात दोन डबे 'सापडले'. भाव जुनाच. आबांनी डबे उचलून आत ठेवले. एक थेंब सांडला नाही, विकला नाही.

आता सहासष्ट सालचा जून. सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. दुपारच्या यष्टीनं बातमी आली आणि तासाभरात छगनशेठची पाटी पुन्हा लागली. पावसाळा तोंडावर, नदीला पूर आला की रस्ते बंद होणार. आमच्या घरी तर बायकोचे दिवस भरलेले आणि कंदिलात घासलेट तळाला गेलेलं. सुईण मला बजावून गेली होती, "मास्तर, उजेड पाहिजे बरं." मी छगनशेठकडे गेलो. त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि चौपट भाव सांगितला, तोही "बघतो, मिळालं तर" अशा बोलीवर.

गल्लीचे डोळे आबांच्या ओट्याकडे लागले. पण ओटा रिकामा. दोनच आठवड्यांपूर्वी सुवेझनं, म्हातारी झाली तरी, आबांच्या कमरेत सणसणीत लाथ घातली होती. आबा आत खाटेवर आडवे होते. बाहेर कुजबूज सुरू झाली. आबा उठत नाहीत, डबे कोण काढणार? उद्यापर्यंत छगनशेठ पाचपट करील. दोघंतिघं तर बाटल्या घेऊन पायरीपर्यंत गेलेही.

तेवढ्यात जिजी मला बोलवायला आली.

"मास्तर," आबा खाटेवरून म्हणाले, "दार लोटी ल्या. डबा तुम्हले काढनं पडतीन."

मला केवढा मान वाटला. बारा वर्षांत त्या डब्यांना परक्याचा हात लागला नव्हता. मागच्या खोलीत गेलो. चारही डबे फळीवर ओळीनं होते. मी धोतर खोचलं, पाय रोवले, छातीत दम भरला आणि पहिला डबा दोन्ही हातांनी जोर लावून उचलला. डबा थेट येऊन माझ्या हनुवटीवर आदळला आणि मी मागच्या मागे ज्वारीच्या कणगीवर जाऊन बसलो.

"आबा, हाऊ तं रिकामा शे."

"चारी रिकामा शेतस," आबा खाटेवरून शांतपणे म्हणाले.

"कव्हयपाईन?"

"सुवेझपाईन."

मी डबा मांडीवर घेऊन तसाच बसलो. माझ्या मागच्या दाराशी आलेल्या तीन बाटल्या मला आठवल्या. मग मला सगळ्या गल्लीची मागची दारं दिसायला लागली. प्रत्येक घरात कुणीतरी माझ्यासारखं भारावलेलं, आणि प्रत्येकाला बजावलेलं, कुणाला सांगू नका. प्रत्येकाला खात्री, की आपल्या बाटल्या तेवढ्या गेल्या, बाकी डबे भरलेले आहेत.

"म्हंजे आबा, इतला सालपाईन लोकेस्ले तुम्ही खोटं सांगं?"

आबा पहिल्यांदाच रागावले. "मी खोटं कव्हय सांगं? डबा शेतस, इतलंच सांगं. शेतस ना?"

"मंग निदान पानी तरी भरी ठेवानं."

"पानी भरतू तं ती लबाडी व्हती, मास्तर. सुवेझनंतर भराना इचार व्हता. मंग देखं, रिकामा डबाबी तितलंच काम करतस. आते बोलू नका. छगन वाट देखी ऱ्हायना."

आयुष्यात मी नाटकात एकदाच काम केलं आहे आणि ते हे. पहिला डबा पोटाशी धरला, कंबर वाकवली, पाय ओढत दारातून बाहेर आलो. घाम मात्र खरा होता. समोर छगनशेठ, तराजूची दांडी हातात धरून, डोळे बारीक करून माझ्या कोपरांकडे बघत होता. डबा ओट्यावर इतक्या हळू टेकवला, की आवाज येऊ नये. दुसरा आणला. तिसऱ्याला गल्लीतला एक धटिंगण पुढे झाला, "मास्तर, तुम्ही दमनात, मी आनस." आतून आबांचा आवाज आला, "मास्तरलेच करू द्या. खुर्चीवर बशी बशी आंग जड व्हयेल शे तेन्हं." सगळे हसले. छगनशेठसुद्धा हसला. चौथा डबा आणून मी धापा टाकत नरसाळं आणि माप मांडीवर घेतलं, आणि त्याच्या दुकानाकडे तोंड करून बसलो.

पायरीवर गेलेले लोक बाटल्या हलवत परत आले. अंधार पडायच्या आत छगनशेठला कोपऱ्यात तीन डबे सापडले. पाचव्या दिवशी माझी मुलगी झाली, आणि खोलीत दोन कंदील मोठ्या वातीनं जळत होते.

डबे काढले त्याच संध्याकाळी ते परत फळीवर लावताना चौथ्याच्या मागे भिंतीशी एक शिशी हाताला लागली. ही भरलेली होती. कोयनेलच्या गोळ्या, हिवतापावरच्या. वेष्टण नवंकोरं. घराघरांतून फवारणीवाले फिरून गेल्याला वर्षं झाली होती, हिवताप गावातून जवळजवळ हटला होता. मी शिशी घेऊन खाटेपाशी गेलो.

"आबा, हाई कसाले?"

आबांनी छताकडे बघत सांगितलं. लढाईच्या वेळची गोष्ट. भादव्यात त्यांच्या बायकोला, जमनाला, हिव भरलं. गाडी जुंपून ते नंदुरबारला गेले. "डाक्टर म्हने, कोयनेल नही. मी म्हनं, काब्र नही? तो म्हने, ते जावाथाईन येस, आनी जावा जपाननी लिधं. मी म्हनं, जावा कोठे शे? तेन्ही भितवरना नकाशावर बोट ठेवं. इतलुसं बेट, मास्तर, नखइतलं. तव्हपावत मी तेन्हं नावबी आयकेल नव्हतं." धुळ्यालाही मिळालं नाही. तेराव्या दिवशी जमना गेली. "आठे मन्ही जमना मरनी, आनी तठे जावामा कोणले मालूमबी नही."

कोयनेल आता कुठंही मिळतं. तरी आबा दरसाल नवी शिशी आणतात आणि जुनी दवाखान्यात देऊन टाकतात.

बारा वर्षं मी या माणसाच्या फिक्या चहाला हसत होतो. नकाशावरचं ते भोक मला आठवलं आणि उंदराचीही लाज वाटली.

त्यानंतर आखाजीला डबे मीच काढतो. दर वेळी तिसऱ्या डब्याला थांबून कमरेवर हात ठेवतो. आयाबाया ओरडतात, "हळू मास्तर, सांडी जाई." आबा ओट्यावर बसून म्हणतात, "डबा शेतस ना." शहाद्याहून शिशीही मीच आणतो. दुकानदार विचारतो, गावात हिवताप आहे का? मी नाही म्हणतो, तो शिशी कागदात गुंडाळून देतो.

यंदापासून आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. दुपारचं वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो. क्युबा, झांजीबार, सुवेझ, तो कालवा तर परत बंद पडला आहे, सगळं जसंच्या तसं वाचतो. त्यांना चहा फिका करायचा तर करू देत. शेवटी मी घडी घालायला लागलो की ते हमखास विचारतात, "जावामा बरं शे ना, मास्तर?"

कधी बातमी नसते, कधी असते आणि ती बरी नसते. आबा जन्मात खोटं बोलले नाहीत. ते काम आता माझ्याकडे आहे.

"बरं शे, आबा," मी सांगतो. "एकदम बरं शे."